निवृत्तांचा गट, स्थानिक संस्था आणि छोटे अनुदान : आधी काम, मग पैसे

मोठ्या कंपन्यांतून निवृत्त झालेली पाच-दहा माणसे एकत्र येतात, थोडे पैसे जमवतात आणि जवळपासच्या एखाद्या सामाजिक संस्थेला मदत करायचे ठरवतात. हेतू चांगला असतो, वेळ असतो, अनुभवही असतो. तरीही वर्षभराने पाहिले तर पैसे खर्च झालेले असतात, दोघे-तिघे नाराज होऊन बाहेर पडलेले असतात आणि संस्थेची मूळ अडचण होती तशीच असते. अशा गटांमध्ये काम करताना मला एकच चूक पुन्हा पुन्हा दिसली : कामाचा क्रम उलटा असतो. आधी धनादेश दिला जातो, मग ओळख होते आणि गरज नेमकी काय होती हे सर्वांत शेवटी कळते.

या उलट्या क्रमाचे नुकसान पैशापुरते राहत नाही. पैसे देणारे म्हणून आपण एकदा दारात उभे राहिलो की संस्थेला आपल्याला नकार देणे अवघड होऊन बसते. आपण सुचवलेल्या प्रत्येक कामाला होकार मिळतो, आणि तो होकार खरा आहे की अनुदान टिकवण्यासाठी दिलेला आहे हे ओळखण्याचे कोणतेही साधन आपल्या हाती उरत नाही. म्हणून पुढील टप्पे दिले आहेत त्याच क्रमाने पार पाडावेत. पहिल्या बैठकीपासून पहिल्या अनुदानापर्यंत पाच-सहा महिने लागतात, आणि ते लागू द्यावेत.

टप्पा १ : गटाची स्वतःची तयारी

कोणत्याही संस्थेला फोन करण्यापूर्वी गटाने आपल्याविषयीचा एक कागद तयार करावा. त्यात प्रत्येक सदस्याने आठवड्याला किती तास देता येतील, कोणत्या महिन्यांत देता येणार नाहीत आणि किती काळ बांधून घेता येईल हे लिहावे. आजारपण, नातवंडांची जबाबदारी, लांबचे प्रवास या गोष्टी निवृत्तांच्या वेळापत्रकात हमखास येतात. त्या आधी सांगितल्या तर संस्थेला कामाची आखणी करता येते; ऐनवेळी सांगितल्या तर चाललेले काम अडते.

यानंतर कौशल्यांची यादी करावी, आणि येथे विशेष प्रामाणिकपणा लागतो. 'मी वित्त विभागाचा प्रमुख होतो' ही माहिती संस्थेच्या फारशी उपयोगाची नसते. वरिष्ठ पदावरील माणसाने गेल्या पंधरा वर्षांत पत्रके तपासलेली असतात, पण ती तयार त्याच्या हाताखालच्या लोकांनी केलेली असतात. छोट्या संस्थेत हाताखाली कोणी नसते. त्यामुळे यादीचे तीन रकाने करावेत : आजही स्वतःच्या हाताने करता येणारे काम, दुसऱ्याला शिकवता येणारे काम, आणि अनुभव नसला तरी आनंदाने करू असे काम. तिसरा रकाना अनेक जण रिकामा सोडतात. प्रत्यक्षात वाचनालयातील पुस्तकांवर क्रमांक घालणे किंवा रुग्णाबरोबर दवाखान्यात जाऊन थांबणे अशी कामे त्याच रकान्यातून निघतात, आणि संस्थांना माणसांची चणचण तेथेच अधिक असते.

पैसे कोठे ठेवायचे हा प्रश्नही याच टप्प्यात सोडवावा. सर्वांत सोपा मार्ग असा की गटाने निर्णय एकत्र घ्यावा, पण प्रत्येक सदस्याने आपली रक्कम थेट संस्थेच्या खात्यात भरावी. यात पावती ज्याच्या त्याच्या नावाने मिळते आणि कोणालाही दुसऱ्याचा पैसा सांभाळावा लागत नाही. दुसरा मार्ग म्हणजे देणगीदारांसाठी स्वतंत्र निधी चालवणाऱ्या प्रस्थापित प्रतिष्ठानामार्फत रक्कम देणे. स्वतःची नोंदणीकृत संस्था काढण्याचा मोह अनेक गटांना पहिल्याच महिन्यात होतो. तो किमान दोन वर्षे आवरावा. नोंदणी झाली की दरवर्षीचे लेखापरीक्षण, विवरणपत्रे, ठराव आणि इतिवृत्ते मागे लागतात, आणि ज्या वेळात मदत करायची तो वेळ स्वतःची संस्था जिवंत ठेवण्यात जातो.

सावधान : गटाची रक्कम एका सदस्याच्या वैयक्तिक बँक खात्यात कधीही जमा करू नये. तो माणूस कितीही विश्वासू असला तरी त्याच्या आकस्मिक निधनानंतर ती रक्कम कोणाची, हे वारसांना आणि बँकेला समजावणे फार कठीण होते.

सावधान : पूर्वीच्या कंपनीचे नाव, बोधचिन्ह किंवा तेथील ग्राहकांची यादी वापरू नये. आपण त्या कंपनीतून निवृत्त झालो आहोत. तिचे प्रतिनिधी नाही. कंपनीची लेखी परवानगी असेल तर गोष्ट वेगळी.

टप्पा २ : संस्थांची निवड आणि तपासणी

सुरुवातीला आठ-दहा संस्थांची यादी करून ती दोन-तीनवर आणावी. निवडताना संस्थेच्या कामाचा विषय आपल्याला किती भावतो यापेक्षा तेथे नियमित जाता येईल का, हा प्रश्न आधी विचारावा. दीड तासाचा प्रवास असेल तर तिसऱ्या महिन्यात उपस्थिती गळू लागते. संस्थेचा आकारही पाहावा. माझा ठोकताळा असा आहे की आपले वर्षाचे अनुदान संस्थेच्या वार्षिक खर्चाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा मोठे नसावे. त्याहून मोठे झाले तर संस्था आपल्यावर विसंबू लागते आणि आपण थांबलो की तिच्या खर्चात भगदाड पडते.

कागदपत्रांपैकी नोंदणी प्रमाणपत्र, करसवलतीची मान्यता, गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, विश्वस्तांची यादी आणि संस्थेच्या नावाने असलेल्या बँक खात्याचा पुरावा एवढे पुरेसे असते. मुलांसोबत किंवा परावलंबी व्यक्तींसोबत काम चालत असेल तर त्यांच्या सुरक्षिततेविषयीचे लेखी धोरणही मागावे. यातील काही माहिती संस्थेला त्रास न देता मिळते. इंग्लंड आणि वेल्समध्ये धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या चॅरिटी कमिशनची नोंदवही कोणालाही पाहता येते. अमेरिकेत करमुक्त संस्थांनी भरलेले 'फॉर्म ९९०' हे वार्षिक विवरणपत्र सार्वजनिक असते, मात्र अगदी छोट्या संस्था त्याचे जे संक्षिप्त रूप भरतात त्यात जमाखर्चाचा तपशील नसतो. भारतात सामाजिक संस्थांसाठीच्या सरकारी 'दर्पण' पोर्टलवर नोंदणी केलेल्या संस्थांची प्राथमिक माहिती मिळते. एक गोष्ट लक्षात ठेवावी : अशा यादीत नाव असणे म्हणजे संस्था अस्तित्वात असल्याचा पुरावा, तिच्या कामाच्या दर्जाचा नव्हे.

हिशेब वाचताना निवृत्त अधिकारी बहुधा एकाच आकड्याकडे पाहतात : प्रशासकीय खर्च किती टक्के आहे. तो जितका कमी तितकी संस्था चांगली, असा समज आहे आणि तो चुकीचा आहे. हिशेबनीसाला पगार नसलेली, संगणक दुरुस्त न करणारी, कार्यकर्त्यांना प्रवासखर्च न देणारी संस्था कागदावर काटकसरी दिसते. दोन वर्षांत तिचे अनुभवी कार्यकर्ते निघून जातात. त्याऐवजी चार गोष्टी पाहाव्यात. उत्पन्नाचा मोठा भाग एकाच देणगीदाराकडून येतो का? विशिष्ट कामासाठी मिळालेला पैसा वेगळा दाखवला आहे का? हातातील शिल्लक किती महिन्यांचा खर्च भागवेल? आणि विश्वस्त, खजिनदार व सामान पुरवणारे व्यापारी एकाच कुटुंबातील आहेत का?

एखाद्या नव्या संस्थेकडे लेखापरीक्षित हिशेब नसतील तर तिला लगेच बाद करू नये. तिला सध्या पैसे न देता हिशेब लावण्यासाठी माणूस द्यावा. अनेक ठिकाणी तीच सर्वांत मोलाची मदत ठरते.

पडताळणी : संस्थेला एखाद्या साध्या, कामाच्या दिवशी भेट द्यावी, वार्षिक समारंभाच्या दिवशी नव्हे. अध्यक्षांखेरीज हिशेब ठेवणारी व्यक्ती आणि प्रत्यक्ष काम करणारा किमान एक कार्यकर्ता यांच्याशी बोलणे झाल्याशिवाय हा टप्पा पूर्ण झाला असे मानू नये.

टप्पा ३ : पहिली बैठक ऐकण्यासाठी

या बैठकीला दोघांनीच जावे. सहा-सात अनुभवी अधिकारी एका बाजूला आणि संस्थेचे दोन कार्यकर्ते दुसऱ्या बाजूला बसले की बैठकीला मुलाखतीचे रूप येते. अनुदानाचा विषय काढू नये. कोणी थेट विचारलेच तर 'गट पुढे छोटी अनुदाने देणार आहे, पण आधी काम करून पाहण्याची आमची पद्धत आहे' असे स्पष्ट सांगावे. लपवाछपवी करू नये, आणि आशाही लावू नये.

'तुम्हाला आमची काय मदत होईल?' या प्रश्नाला सहसा 'जी कराल ती' असे उत्तर मिळते. त्याऐवजी 'गेल्या आठवड्यात कोणते काम करायचे राहून गेले?', 'कोणत्या कामामुळे तुम्हाला रात्री उशिरापर्यंत थांबावे लागते?' आणि 'कोणत्या कामात तुम्हाला स्वयंसेवक नको आहेत?' असे विचारावे. यातील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण त्यातून संस्थेला नकार देण्याची मुभा मिळते. मागे आलेल्या स्वयंसेवकांचा अनुभव कसा होता हेही विचारावे आणि उत्तर मध्ये न तोडता ऐकावे.

स्वयंसेवक फुकट मिळतो हा समज दोन्ही बाजूंना असतो. त्याला काम समजावणे, शंका सोडवणे, केलेले तपासणे यात संस्थेच्या माणसाचा वेळ जातो. आमच्या गटाने सुरुवातीच्या काळात एका छोट्या संस्थेत एकाच वेळी सहा जण पाठवले. तेथील एकुलत्या एक समन्वयक बाई दोन महिने आम्हालाच काम वाटून देत बसल्या आणि त्यांची क्षेत्रभेटींची फेरी बंद पडली. त्या कधी तक्रार करत्या तर बरे झाले असते; त्यांनी केली नाही, आणि आम्ही विचारले नाही.

पडताळणी : प्रत्येक स्वयंसेवकासाठी आठवड्याला किमान अर्धा तास देईल अशी नावानिशी व्यक्ती संस्थेत आहे का? नसेल तर एकच स्वयंसेवक पाठवावा, किंवा तूर्त कोणालाही पाठवू नये.

टप्पा ४ : ठरलेले, मोजके काम

काम तोंडी ठरवू नये. एका पानावर पाच गोष्टी लिहाव्यात : काय करायचे, कोण करणार आणि किती तास, संस्थेतील कोणाला विचारून करायचे, कोणत्या तारखेला संपवायचे, आणि काम संपल्यावर मागे काय उरेल. पहिले काम सहा ते आठ आठवड्यांत संपेल असेच घ्यावे. जर्मनीतील बॉन येथील 'सीनियर एक्स्पर्टन सर्व्हिस' ही संस्था १९८३ पासून निवृत्त तज्ज्ञांना स्वयंसेवक म्हणून पाठवते. तेथेही मागणी आल्यावर, ठरलेल्या कामासाठी आणि मर्यादित मुदतीसाठीच तज्ज्ञ जातो. मुदत असली की दोन्ही बाजूंना अवघडल्याशिवाय थांबता येते.

'मागे काय उरेल' ही ओळ बहुतेक गट गाळतात. उत्साही निवृत्त अभियंता साठ्याच्या नोंदीसाठी सूत्रांनी भरलेले मोठे पत्रक तयार करतो, ते उत्तम चालते, आणि तो परगावी गेला की एक रकाना बिघडतो व संस्था पुन्हा वहीकडे वळते. त्यापेक्षा वहीच नीट आखून देणे जास्त उपयोगी ठरले असते. नियम साधा आहे : संस्थेतील जी व्यक्ती हे काम पुढे करणार आहे तिने ते आपल्या डोळ्यांसमोर, आपण हात न लावता, सलग तीन वेळा करून दाखवले तरच काम पूर्ण झाले असे म्हणावे. कृतीची लेखी टिपणे तिच्या भाषेत असावीत, पासवर्ड संस्थेच्या ताब्यात असावेत आणि ईमेल खाते संस्थेच्या नावाने उघडलेले असावे.

कंपनीतील सवयी येथे हळूच शिरतात. साप्ताहिक आढावा बैठक, रंगीत आलेख, प्रत्येक गोष्टीचे मोजमाप या गोष्टी शेकडो कर्मचाऱ्यांच्या कंपनीत आवश्यक असतात. पाच माणसांच्या संस्थेत त्या ओझे होतात. पहिला महिनाभर एकही सुधारणा सुचवू नये, फक्त नेमून दिलेले काम करावे, असा दंडक आम्ही घातला आहे. सुरुवातीला तो सदस्यांना जाचक वाटतो. महिन्याच्या शेवटी मात्र आधी सुचवायच्या ठरवलेल्या निम्म्या गोष्टी का शक्य नाहीत, हे त्यांचे त्यांनाच उमगलेले असते.

प्रवासखर्च कोण करणार, अपघात झाल्यास विम्याचे काय आणि लाभार्थींची माहिती घरी नेता येईल का, हे तीन मुद्दे त्याच पानावर यावेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ नेहमीच 'नाही' असे असावे.

सावधान : मुलांसोबत काम असेल तर पार्श्वभूमीची पडताळणी पूर्ण होईपर्यंत थांबावे आणि मुलासोबत एकट्याने बंद खोलीत कधीही बसू नये. 'माझ्या वयाच्या माणसावर संशय घेता का?' असे म्हणणाऱ्या सदस्याला हे काम देऊ नये.

टप्पा ५ : छोटे अनुदान

पहिले काम संपले, हस्तांतर झाले आणि दोन्ही बाजू समाधानी आहेत, अशा वेळी अनुदानाचा विषय काढावा. आता गटातील दोघे-तिघे संस्थेला आतून ओळखतात, आणि नेमका येथेच नवा धोका आहे : संस्थेला जो सर्वांत जवळून ओळखतो त्याचाच जीव तिच्यात अडकलेला असतो. म्हणून निर्णय घेणारी तीन जणांची समिती असावी आणि त्या संस्थेत काम करणारा सदस्य तिच्यात नसावा. त्याने माहिती द्यावी, प्रश्नांना उत्तरे द्यावीत आणि चर्चेच्या वेळी बाहेर जावे. ज्या सदस्याचे नातेवाईक संस्थेत पगारावर किंवा विश्वस्त मंडळावर आहेत त्यानेही तसेच करावे, आणि ही गोष्ट इतिवृत्तात नोंदवावी. संस्थेकडेही हे स्पष्ट सांगावे, म्हणजे रोज येणाऱ्या स्वयंसेवकाला खूश ठेवण्याची गरज तेथील कोणालाही वाटणार नाही.

अर्ज दोन पानांपेक्षा मोठा नसावा. छोट्या रकमेसाठी वीस पानांचा प्रस्ताव मागणे म्हणजे अनुदानाचा एक हिस्सा अर्ज लिहिण्यातच खर्च करायला लावणे होय. कशासाठी पैसे हवेत, किती, कधीपर्यंत खर्च होतील, आणि उरलेला खर्च कोठून येईल, एवढे पुरे. यंत्र किंवा उपकरण हवे असेल तर दोन पुरवठादारांची दरपत्रके जोडावीत.

कशाला पैसे द्यावेत याविषयी माझे मत ठाम आहे. देणगीदारांना जे दाखवता येत नाही त्याला आधी द्यावे : लेखापरीक्षकाचे शुल्क, गळके छप्पर, कार्यकर्त्याचे प्रशिक्षण, दोन अनुदानांच्या मधल्या काळात थकणारा पगार. संगणक आणि वाहने द्यायला पुष्कळ लोक तयार असतात. उपकरण द्यायचेच असेल तर खरेदीच्या किमतीबरोबर पुढील तीन वर्षांची वीज, दुरुस्ती, सुटे भाग आणि चालवणाऱ्या माणसाचा खर्चही कागदावर मांडावा. तो खर्च कोण करणार याचे उत्तर नसेल तर उपकरण देऊ नये. अनुदानाचा काही भाग संस्थेला तिच्या निर्णयाने वापरू द्यावा. पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवण्याची पद्धत चांगली चालते.

मंजुरीचे पत्र लेखी असावे. त्यात रक्कम, हेतू, मुदत, हिशेब कधी द्यायचा आणि हेतू बदलावा लागला तर कोणाला विचारायचे हे नमूद करावे. पैसे फक्त बँकेमार्फत, संस्थेच्या खात्यात, एकाच हप्त्यात द्यावेत. छोट्या रकमेचे हप्ते पाडल्याने कागदपत्रे वाढतात, सुरक्षितता वाढत नाही. आपल्या नावाची पाटी मागू नये.

आता पूर्वीच्या कंपनीच्या योजनांविषयी, कारण येथे हातचे पैसे जातात. काही कंपन्या निवृत्तांनी दिलेल्या देणगीइतकी रक्कम स्वतः घालतात, किंवा स्वयंसेवेच्या तासांनुसार संस्थेला अनुदान देतात. त्यांचा लाभ घ्यायचा तर पुढील क्रम पाळावा.

१. योजना निवृत्तांना लागू आहे का आणि निवृत्तीनंतर किती वर्षे लागू राहते, हे कंपनीच्या चालू नियमावलीत पाहावे. जुन्या सहकाऱ्याच्या आठवणीवर विसंबू नये.

२. काम सुरू करण्यापूर्वीच संस्था त्या योजनेच्या यादीत नोंदवून घ्यावी. नोंदणीला कधी कधी काही आठवडे लागतात.

३. तासांची नोंद त्याच दिवशी करावी आणि संस्थेतील ठरलेल्या व्यक्तीची महिन्याला सही घ्यावी. वर्षअखेरीस आठवून लिहिलेले तास नाकारले जाऊ शकतात, आणि ते लिहिणे प्रामाणिकपणाचेही नाही.

४. देणगी स्वतःच्या खात्यातून दिलेली असावी. अनेकांचे पैसे एकत्र करून दिलेल्या रकमेला कंपनीची जोड सहसा मिळत नाही.

५. अर्जाची अंतिम तारीख गटाच्या दिनदर्शिकेत एक महिना आधीची म्हणून लिहून ठेवावी.

पडताळणी : कंपनीची रक्कम प्रत्यक्ष खात्यात जमा होईपर्यंत संस्थेने ती अंदाजपत्रकात धरू नये, असे तिला लेखी कळवले आहे का?

टप्पा ६ : हिशेब आणि संवाद

मुदत संपल्यावर एका पानाचा अहवाल मागावा : किती खर्च झाले, कशावर झाले, काय साधले आणि काय फसले. 'काय फसले' हा रकाना रिकामा आला तर संस्थेला अजून आपली भीती वाटते असे समजावे, आणि तो भरून आला म्हणून पुढचे अनुदान रोखू नये. एकदा जरी तसे घडले तरी त्यापुढे खरी माहिती मिळणार नाही. पावत्या संस्थेच्या कार्यालयात जाऊन पाहाव्यात. प्रतींचे गठ्ठे मागवू नयेत. मुलांची किंवा रुग्णांची छायाचित्रे पुरावा म्हणून मागू नयेत.

टप्पा ७ : थांबणे

एका संस्थेला सलग किती वर्षे अनुदान द्यायचे हे पहिल्याच पत्रात सांगावे. तीन वर्षे हा काळ बहुतेक ठिकाणी योग्य असतो. शेवटचे अनुदान शेवटचे आहे हे वर्षभर आधी कळवावे, म्हणजे संस्थेला दुसरा आधार शोधायला अवधी मिळतो. प्रत्येक स्वयंसेवकाला त्याचे काम माहीत असलेला एक जोडीदार असावा, कारण आमच्या वयात माणूस कधी खाटेवर पडेल हे सांगता येत नाही. निघताना कार्यालयाच्या किल्ल्या परत कराव्यात, आपल्या संगणकावरील संस्थेच्या फायली त्यांच्याकडे सोपवून पुसून टाकाव्यात, बँकेत किंवा ईमेलवर आपला फोन क्रमांक दिलेला असेल तर तो बदलून घ्यावा, आणि या सर्वांची यादी करून त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात.